अंदमानच्या खाडीत ऐकलेली दत्ताची हाक

मी अशा गोष्टी मानणारी बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. सगळी उमर म्हशींचं करण्यात गेली. पहाटेच्या अंधारात एकटी वैरणीला गेले, पंचगंगेच्या घाटाकडनं कैक वेळा आले-गेले, शेजारी चिता जळत असायची. मला कधी काही दिसलं नाही. बायका सांगायच्या, अमक्या वळणावर पांढऱ्या साडीतली बाई उभी असते. मी म्हणायची, असंल बिचारी, बसची वाट बघत असंल.

या पानावर तुम्ही मंडळी आपापले अनुभव लिहिता ते मी आवडीनं वाचते. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन भेळीच्या आणि चिरमुऱ्याच्या पुड्यांवर झालं, पुडी संपली की कागद वाचायचा. आता फोनमध्ये बोलायचं आणि फोन आपला आपण लिहितो, हे नातीनं शिकवलंय. मधेच कोल्हापुरी आलं तर सांभाळून घ्या... मी काही लेखिका नाही.

आमचं घर कसबा बावड्यात. मालक वारल्याला बरीच वर्षं झाली. घरात मी, माझा मुलगा प्रकाश, सून वैशाली, नात श्रुती आणि माझी धाकटी जाऊ शोभा. शोभाचा नवरा म्हणजे माझा दीर, दत्ता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो हाफ पँटीत होता आणि शाळा चुकवून गोठ्यात बसायचा. त्याला मी जेवायला वाढून मोठा केला असं म्हटलं तरी चालेल. वहिनी म्हणायचा, पण हट्ट आईकडं करावा तसा माझ्याकडं करायचा.

दत्ता म्हशींतला माणूस. संध्याकाळी म्हशी घेऊन शिवाजी पेठेत कट्ट्यावर जायचा, गिऱ्हाईक समोर उभं करून धार काढून द्यायचा. ते तिथंच फेसासकट गटागटा पिऊन मिशा पुसणार. आमच्याकडं हे नवीन नाही. आणि ज्याची त्याची म्हशीला बोलवायची हाक वेगळी असते, तेही नवीन नाही. दहा जणांच्या म्हशी नदीत एकत्र डुंबत असल्या तरी मालकानं हाक मारली की त्याच्याच म्हशी तेवढ्या बाहेर येतात. दत्ताची हाक तर सगळ्या बावड्यात कुणालाच जमायची नाही. लहानपणी म्हशीनं लाथ मारून त्याचे पुढचे दोन दात पाडले होते. त्यामुळं हाकेच्या पोटात शिट्टी यायची. "हैऽऽ हुयोऽऽ" असा लांब सूर, त्यात ती शिट्टी, आणि शेवटी पुढारी म्हशीचं नाव... "चंद्रेऽऽ". ही हाक तो फक्त दिवस कलायला लागला की मारायचा. घराकडं चला, एवढाच तिचा अर्थ.

एका दुपारी तो म्हशी धुवायला नदीवर गेला. संध्याकाळी म्हशी आल्या, एकापाठोपाठ एक, चंद्री पुढं. दत्ता आला नाही.

नदी धुंडाळली. होड्या घातल्या, पाणबुडे आणले. अंग नाही, कपडा नाही, चप्पल नाही. घरात भांडण नव्हतं, कुणाचं देणं नव्हतं. कुणी म्हणालं मिरजेच्या स्टेशनावर दिसला, कुणी म्हणालं गोकर्णाला साधूंच्यात. प्रकाश दोन्हीकडं जाऊन आला, पोराचं खोटं कशाला सांगू... काकासाठी तेव्हा तो लहान मुलासारखा फिरला होता.

आपल्याकडं रीत आहे. माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट बघायची. मग दर्भाचा पुतळा करायचा, त्याला माणसासारखा अग्नी द्यायचा, आणि गेला म्हणून समजायचं. बारा वर्षं झाली तशी चार तोंडं बोलायला लागली. शोभानं एकदाच सांगितलं, "मी माझ्या डोळ्यांनी बघितल्याबिगर कुंकू पुसणार न्हाय. मी मेल्यावर काय करायचं ते करा." रेशनकार्डावरचं त्याचं नावसुद्धा तिनं कमी करू दिलं नाही. ती काही वेड्यासारखी दाराकडं बघत बसणारी बाई नव्हे. गोठा तिनं एकटीनं ओढला. फक्त एवढं एक तिचं होतं — तो आहे, असं म्हणायचं.

मग श्रुतीचं लग्न ठरायला आलं. सांगलीकडचं चांगलं स्थळ. पाव्हणे बघायला आले, शोभा चहा घेऊन बाहेर आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मुलाची आई गोड आवाजात म्हणाली, "यांचे मालक दिसले नाहीत कुठं?" वैशाली म्हणाली, "बाहेरगावी असतात." शोभा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आक्का, वैशाली पहिल्यांदाच खरं बोलली बघा." आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. तेव्हा हसलो.

गुरुजींनी प्रकाशला सांगितलं, घरातला विधी राहिलाय, तो केल्याशिवाय मंगलकार्य करू नका. प्रकाशनं विषय काढला. शोभा नाही म्हणाली. प्रकाश म्हणाला, "ठीक हाय काकू, तुमच्या मनाबाहेर काय करणार न्हाय." मला पोराचं कौतुक वाटलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो तिकिटं घेऊन आला. बायकांची सहल, अंदमान. "आई, तू आणि काकू जाऊन या. जन्मभर शेणच काढलासा. लग्नाची गडबड सुरू झाली की मग कुठलं जमतंय."

शोभा तयार नव्हती. म्हशी कोण बघणार म्हणाली. मीच तिच्या मागं लागले. म्हटलं, "पोरगं प्रेमानं पाठवतंय, चल की गं. समुद्र कवा बघणार आपण, मेल्यावर वरनं?"

तर आम्ही गेलो. कोल्हापूरहून विमान, मग दुसरं, मग तिसरं. शोभा खिडकीतनं ढग बघून म्हणाली, "दुधावरची साय हाय नुसती." जेवणाचं विचारू नका, सगळ्यात खोबरेल तेलाचा वास. मी चटणीची पुडी नेली होती म्हणून निभावलं. आमच्यात इचलकरंजीच्या एक कुलकर्णी बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्या दिसेल त्याचा व्हिडिओ काढायच्या. पोळीचासुद्धा.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी आम्हाला बोटीनं एका लहान बेटावर नेलं. किनाऱ्याला लागून अभयारण्य आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांचा यात काही संबंध नाही आणि उगाच कुणी भ्यायला नको. पण जागा सांगते. जेटीवर उतरलं की डाव्या हाताला तिकिटाची खिडकी. तिथं पिशव्या तपासून प्लास्टिकच्या बाटल्या काढून ठेवतात. मग फळ्यांचा लांब पूल, दोन्ही बाजूंना कठडा. खाली चिखल आणि खारफुटी... म्हणजे ती झाडं, मुळं कोळ्याच्या पायांसारखी पाण्यात रोवून उभी असतात. पूल संपायच्या जरा आधी उजव्या हाताला वाळूची मोकळी जागा, तिथं ठिपक्यांची हरणं चरत होती. माणसाला भीत नाहीत. आणि डावीकडं खाडी. खाडीच्या तोंडाला मगरीचं चित्र काढलेला बोर्ड. तिथल्या मगरी माणूस नेतात, असं आम्हाला बोटीतच बजावलं होतं.

आता माझ्या कानांचं सांगायला पाहिजे. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. मशीन लावते. मशीन काढलं की शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी मला पत्ता नसतो. वैशालीला विचारा, किती डाळी करपल्यात. त्या पुलावर वारा फार होता. मशीनमध्ये वारा शिरला की नुसता घोंगाट होतो, म्हणून मी ते काढून पर्समध्ये ठेवलं, डबीत. चेन लावली. मग जग सगळं शांत. शोभा माझ्या पुढं चालत होती, कुलकर्णी बाई कठड्याला टेकून हरणांचा व्हिडिओ काढत होत्या.

आणि मला हाक ऐकू आली.

कशी सांगू... मला हल्ली मशीन लावून जसं ऐकू येतं, चेपलेलं, पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखं, तसं नाही. तरुणपणी ऐकायची तसं. स्वच्छ. "हैऽऽ हुयोऽऽ", त्यातली ती दात पडलेल्या तोंडाची शिट्टी, आणि शेवटी "चंद्रेऽऽ". ऊन डोक्यावर यायचं होतं अजून, सकाळची वेळ. आणि ही दिवस कलल्यावरची हाक.

मी थांबले. पुढं बघितलं तर शोभा आधीच थांबली होती. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. निऱ्या खोचल्या, जशी नदीत उतरताना खोचते, आणि कठड्यावर पाय टाकला. खाडीच्या बाजूला.

मी धावले. या वयात धावले. तिचं मनगट धरलं, तर ती म्हैस ओढावी तशी मला ओढायला लागली. कुलकर्णी बाईंनी फोन टाकून तिला कमरेला धरलं. पलीकडनं पहारेकरी पळत आला. त्याच्या तोंडात शिट्टी होती, गाल फुगवून फुगवून वाजवत होता, डोळे बाहेर आलेले. ती शिट्टी मला ऐकू येत नव्हती. हे नीट लक्षात घ्या. हाताच्या अंतरावर तो माणूस जीव खाऊन शिट्टी वाजवतोय, मला गाल दिसतायत, आवाज शून्य. आणि खाडीतली हाक मला अजून ऐकू येत होती.

मग ती बंद झाली. शोभा मट्दिशी फळ्यांवर बसली. मी मशीन लावलं तेव्हा वाऱ्याचा घोंगाट आणि पहारेकऱ्याचं हिंदी. "माताजी, उधर मगर है, मरना है क्या?" कुलकर्णी बाई म्हणत होत्या, "चक्कर आली हो यांना, उन्हानं चक्कर आली." त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

खोलीवर आल्यावर मी मुद्दाम काही बोलले नाही. तिलाच विचारलं, "शोभे, काय झालं गं?"

ती म्हणाली, "तुम्ही का थांबलासा, आक्का? तुमचं मशीन तर पर्समध्ये हुतं."

"तू आधी सांग."

तिनं हलक्या आवाजात ती हाक मला करून दाखवली. शिट्टी तिला जमली नाही, पण जिथं शिट्टी येते तिथं ती थांबली. बरोब्बर तिथंच. माझ्या अंगावर काटा आला, तो आता बोलतानाही येतोय. मी नुसती मान हलवली. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. रडली नाही. चेहरा असा होता की मला तिच्या लग्नातली शोभा आठवली. "बघा," ती म्हणाली, "मी म्हणत हुतो का न्हाय." आमच्याकडं बायका असंच बोलतात, हुतो, जातो.

त्या रात्री कुलकर्णी बाईंनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. त्यात हाक नाही. वाऱ्याचा आवाज आहे, कुणीतरी खोकतंय. पण हरणं बघा. सगळी खाली मान घालून चरतायत... आणि एकदम, सगळीच्या सगळी, मान वर करतात. कॅमेऱ्याकडं नाही. आमच्याकडंही नाही. पुलावरनं पलीकडं, खाडीकडं. कान उभे. मग फोन पडला म्हणून फळ्या दिसतात आणि संपतं.

परत आलो. विमानतळावर प्रकाश न्यायला आला होता, डोक्यावर टोपी. वाटेत फार बोलला नाही. मला वाटलं कामाचा शीण. घरात पाय ठेवला तर वैशाली समोर आली. "काकू, आधी आंघोळ करून घ्या. पाणी काढलंय." न्हाणीच्या दारावर एक फिकट रंगाची साडी घडी करून ठेवली होती. नवी.

शोभानं साडीकडं बघितलं. मग प्रकाशकडं. "टोपी काढ."

त्यानं काढली. डोकं तुळतुळीत, मागं शेंडी.

मी बावळट विचारते, "अरे, कोण गेलं?"

शोभानं विचारलं, "कुणाला जाळलंस, प्रकाश?"

"काकू, ऐकून घ्या. गुरुजींनी सांगितलं तसं... पुतळा करून..."

"म्हंजे गवत जाळलंस."

"रीतच हाय ती. बारा वर्षं वाट बघितली की आपण. श्रुतीचं व्हायचं हाय, लोक विचारत्यात..."

"गवत जाळलंस, तर सुतक म्हशींनी पाळावं. त्यांचा घास गेला. मी का पाळू?"

वैशाली म्हणाली, "काकू, पाणी गार होतंय." एवढंच. मला तिच्या त्या आवाजाचा आजही राग येतो.

माझ्या डोक्यातनं आग निघाली. आम्हाला प्रेमानं पाठवलं म्हणून मी सगळ्या गल्लीत सांगत फिरले होते, आणि शोभाला ओढून नेणारीही मीच. मी म्हटलं, "अरे तुम्ही कुणाला अग्नी देतासा? जित्या माणसाला? आम्ही तिथं त्याची हाक ऐकलीया. मी ऐकली, ह्या बहिऱ्या कानांनी, मशीन नसताना. शोभानं ऐकली. हरणांनी ऐकली. व्हिडिओ हाय." आणि सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं तसं.

मला वाटलं आता पोरगं पाया पडेल, चुकलं म्हणेल.

प्रकाश म्हणाला, "आई, कुठल्या दिवशी?"

मी दिवस सांगितला.

"सकाळी?"

"सकाळी."

त्याचे डोळे भरून आले. "त्याच सकाळी आम्ही घाटावर अग्नी दिला." आणि खाली बसून रडायला लागला. "सुटला गं माझा काका... जाताना तुम्हाला सांगून गेला." वैशालीनं देवाकडं बघून हात जोडले. गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, विधी लागू पडला, याहून मोठी खूण दुसरी कुठली हवी.

प्रकाशचं रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी त्याच्या मुस्काटात मारली असती आणि गोष्ट मिटली असती.

मी ओरडून सांगत होते, अरे ती घराकडं बोलवायची हाक होती, जाणारा माणूस तशी हाक कशाला मारेल. कोण ऐकतंय. संध्याकाळपर्यंत सगळ्या बावड्याला कळलं. ज्या बायका इतकी वर्षं शोभाच्या बाजूनं होत्या, त्याही येऊन म्हणाल्या, "आता काढ बाई ते कुंकू, त्येला तिकडं तरास हुईल. थोरल्या बाईंनीच ऐकलंय न्हवं?" थोरल्या बाईंनीच. प्रकाशनं हरणांचा तो व्हिडिओ सगळ्या पाव्हण्यांना पाठवला, सांगलीलासुद्धा. लग्नपत्रिकेत दत्ताच्या नावामागं 'कै.' छापून आलं.

शोभानं प्रवासाची बॅग सोडलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी तीच उचलली आणि कुरुंदवाडला भावाकडं निघाली. निघताना करंडा घेऊन श्रुतीला कुंकू लावायला गेली. वैशाली म्हणाली, "काकू, आता राहू दे." श्रुती खाली मान घालून उभी राहिली. माझी नात आहे, गुणी आहे, पण उभी राहिली. शोभानं करंडा बंद केला. माझ्याकडं तिनं एकदा बघितलं. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

लग्न झालं. थाटात झालं. स्टेजच्या बाजूला दत्ताचा फोटो, त्याला हार. फोटोत तो तोंड मिटून हसतोय, पडलेले दात दिसू नयेत म्हणून.

मध्यंतरी मी कुरुंदवाडला गेले. प्रकाशला सांगितलं नाही, बसनं गेले. शोभा भावाच्या गोठ्यात धार काढत होती. कपाळाला कुंकू, होतं तेवढंच. मला बघून उठली नाही, "बसा आक्का, एवढी म्हैस हुंदे," म्हणाली. चरवी भरल्यावर हात धुवून माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या भावाचं, म्हशींचं, उसाचं सगळं बोलून झालं. मग म्हणाली, "एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार की."

"ती हाक जवळ येत हुती का लांब जात हुती? मला तर जवळ येतीया असंच वाटलं. पण मला तसंच वाटणार की. म्हणून तुम्हाला विचारतो."

मी म्हटलं, "जवळ येत हुती."

तिनं मान डोलावली, आणि चहा टाकायला आत गेली.

तेव्हापासून मी विचार करते. तो गेला असेल तर घराकडं बोलवायची हाक का? असेल तर समुद्रापलीकडं, मगरींच्या खाडीत का? आणि माझ्या कानांनी पहारेकऱ्याची शिट्टी सोडून तेवढंच कसं धरलं? तुमच्यापैकी कुणाकडं याचं उत्तर असलं तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. आमच्या घरात एक उत्तर येऊन गेलंय.

आणि शोभानं विचारलं त्याचं म्हणाल, तर मला खरंच माहीत नाही. बहिऱ्या माणसाला आवाज आला तरी तो कुठनं आला आणि कुठं चालला हे कळत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. खरं सांगून एकदा बघितलंय.